पुढं जड भरलेली नाव

जवळ ये. अजून जवळ. हातात कागद असला तरी ओट्यावर माझ्या शेजारी बसून ऐकतेस असं समज, कारण मला बोलल्यासारखंच लिहिता येतं. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले ती लेकीच्या पाटीवरून, भाकरी थापता थापता, तिच्या खांद्यावरून डोकावून.

आणि आधी मला जरा रागावून घेऊ दे. मागच्या महिन्यात तू देऊळगाव राजाला आली होतीस. नाही म्हणू नकोस. आमच्या शेजारणीनं तुला स्टँडवर पाहिलं, तोंडवळा अगदी तुझ्या मायचा म्हणून ओळखलं, कडेवर लेकरू, हातात प्रसादाची पिशवी. तिनं विचारलं, "काऊन व, मावशीच्या घरी नाही येत?" तर तू म्हणालीस, "बुलडाण्याची गाडी लागली न." अगं, गाडी काय, एक गेली की दुसरी लागते. तिथून ऑटोत बसली असतीस तर माझा चहा उकळेपर्यंत दारात उतरली असतीस. पंधरा-सोळा वर्षांत एकदा इतक्या जवळ आलीस आणि तोंड न दाखवता गेलीस. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही.

मग तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता मनात आलं, ती काऊन येईल? या गावातून तिनं काय नेलं? बापावरचा आळ नेला. दारू पिऊन नाव बुडवली, असं गाव म्हणालं आणि तो आळ डोक्यावर घेऊन तुम्ही तिघं गेलात. तो आळ खोटा आहे. तो खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे मी आजवर तुला सांगितलं नाही, ते सांगायला बसले आहे.

तुझ्या बापाची नाव वर आली आहे.

यंदा धरण फार खाली गेलं. जिथं तुझा बाप जाळं टाकायचा तिथं चिखल वाळून भेगा पडल्या आहेत, पायातली चप्पल अडकेल एवढ्या. मेंढरं चारायला गेलेला एक जण गावात येऊन म्हणाला, "पाण्यातून लाकडी काही तरी निंगालं हाय, म्हशीच्या पाठीसारखं." मी ओळखलं. बघायच्या आधीच ओळखलं.

पण थांब, आधीचं आधी सांगते. तू तेव्हा नऊ-दहा वर्षांची होतीस, तुला ठिकरीचा खेळ आठवत असेल, बाकी काय आठवणार.

धरण भरलं तेव्हा आमचं गाव उठून अलीकडच्या टेकाडावर बसलं आणि अर्ध्या लोकांची वावरं पाण्यापलीकडं राहिली. पूल नव्हता. वळसा घालून बैलगाडी न्यायची तर सकाळी निघालेली दिवस कलल्यावर पोचायची. म्हणून गावानं मिळून माल आणायला नाव करायची ठरवली. आता आमचा सुतार. त्यानं जन्मात वखर केले, तिफण केली, गाड्या केल्या, पण नाव? त्यानं आपली गाडीच केली म्हण ना, चाकं सोडून. बाभळीचा सांगाडा, सागाच्या फळ्या, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर जुन्या चाकांवरच्या लोखंडी धावांच्या पट्ट्या. फटीत कापूस कोंबला, वरून डांबर ओतलं. पाण्यात लोटली तशी ती एका अंगावर कलली. काठावरचा एक म्हातारा ओरडला, "अरे, बैल लंगडा निंगाला!" हसून हसून लोक खाली बसले.

मग तुझा बाप आला, मोताळ्याकडच्या धरणावर मासे धरणारा. संगं तुझी माय आणि तू. त्यानं नावेभोवती तीन चकरा मारल्या, फळ्यांवर बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला, चार फळ्या बदलायला लावल्या, आणि ती सरळ झाली. गावानं त्याला ठेवून घेतलं. नाव गावाची आणि वल्हं त्याचं. पलीकडून कापूस, तूर, सोयाबीन, कडबा यायचा, इकडून खत जायचं. तीन-चार सुगी त्यानं अशा काढल्या की एक बोंड भिजलं नाही.

तुझी माय पहिल्या दिवशी चूल मांडायला दगड शोधत होती. मी पितळी डब्यात पिठलं-भाकरी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो भाजलेल्या माशांनी भरून. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत तिच्याकडंही होती. मग तो डबा आमच्या दोन घरांत फिरतच राहिला. कधी मासे, कधी वाटीभर तांदूळ, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. तूच आणायचीस तो, डोक्यावर ठेवून, हात न लावता चालायचीस. मी ओरडायचे, "पाडशील व!" आणि तू मुद्दाम मान हलवायचीस.

आता माझी गोष्ट ऐक, कारण चूक कुठून आली ते तिथं आहे.

माझा बाप भाड्यानं बैलगाडी हाकायचा. त्याला लेक मीच एक. गाडी भरायची कला त्यानं मला दिली. खाली काय, वर काय, दोर कुठून आवळायचा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ही की भार थोडा पुढं ठेवायचा. मागं भार गेला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागचा भाग खाली बसतो, जू वर उचललं जातं आणि जोत्यानं, म्हणजे मानेखालच्या पट्ट्यानं, बैलांचा गळा आवळतो. मी सात वर्षांची असताना एका चढावर आमची गाडी अशी उलाळ झाली होती. पांढऱ्या बैलाचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. त्याचे डोळे मला अजून दिसतात. बापानं विळ्यानं जोतं कापलं म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून माझ्या अंगात एकच बसलं, भार पुढं. पुढं म्हणजे पुढं.

लग्न होऊन या गावात आले तरी ती ख्याती संगं आली. बाप्या माणसांनी भरलेली गाडी मी बघायचे आणि म्हणायचे, "उतरवा." उतरवायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

नाव बुडाली त्या दिवशी संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळची वेळ, ऊन कोवळं. पलीकडच्या वावरात आमची तूर झोडून झाली होती आणि शेवटच्या वेचणीचा कापूसही होता. तूर मी खताच्या रिकाम्या पिशव्यांत भरली होती, त्या प्लॅस्टिकच्या, पांढऱ्या. तोंडं शिवायला सुतळी संपली म्हणून माझ्या जुन्या हिरव्या नायलॉनच्या लुगड्याचे काठ फाडले आणि त्यांनी आवळली. आठ पोती झाली. त्यावर कापसाची मोठाली गाठोडी.

तुझ्या बापानं नाव काठाला लावली आणि म्हणाला, "बाई, पोते मधात राहू द्या. थोडे माह्याकडं, मांगं. पुढं जड झालं त नाव तोंड खाली घालते."

मी म्हणाले, "भाऊ, गाड्या भरता भरता माहे केस पिकले. मांगं भरलं त उलाळ होते. तुमाले मासे समजते, मले भराई समजते."

वेचणीच्या बाया खदखदल्या. एक म्हणाली, "घ्या भाऊ, आता वल्हंबी इच्याच हातात देऊन टाका!"

तोही हसला. मग पुन्हा, हळूच म्हणाला, "बाई, इथं बैलाची मान नाही व."

"मान नाही, म्हणूनच त! उलाळ झाली त धरून ठेवणार कोण?"

अगं, केवढं शहाण्यासारखं वाटलं मला ते तेव्हा. माझे मालक, तुझे काकाजी, नावेत चढून बसले होते. ते म्हणाले, "भरू दे रे बाबा, तिच्यासंगं कोणी जितलं हाय का?" तुझ्या बापानं मान हलवली आणि आठही पोती मी सांगितली तिथं रचली, अगदी पुढं, नाकावर. वरून गाठोडी. मी दोर आवळून गाठ मारली आणि हात झटकले. नावेत तुझा बाप, तुझे काकाजी आणि एक मजूर बाई, एवढीच माणसं. आम्ही बाकीच्या दुसऱ्या फेरीसाठी काठावर बसलो, चटणी-भाकरीचं फडकं सोडून.

अर्ध्या पाण्यापर्यंत नाव नीट गेली. मग वारा सुटला. वावटळ नाही, साधा वारा, पण एवढ्या मोठ्या पाण्यावर साध्या वाऱ्याचीही लाट होते. मला दिसत होतं. नाव उलटली नाही, फुटली नाही. शेळी पाणी प्यायला मान घालते ना, तशी तिनं मान घातली. एकदा घातली, उचलली. दुसऱ्यांदा घातली ती उचललीच नाही. लाट आत आली, पाणी घरंगळत नाकाकडंच गेलं, जिथं माझी पोती होती. तुझा बाप मागच्या टोकाला उभा होता, ते टोक वर वर निघालं. तिथून तो ओरडत होता, ते ऐकू येत नव्हतं.

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

तुझ्या काकाजींना पोहता येत नव्हतं, त्या बाईलाही नाही. तुझ्या बापानं एक गाठोडं ओढून त्यावर दोघांना पालथं टाकलं, आपल्या फेट्यानं बांधलं, आणि फेट्याचं टोक दातात धरून तो पोहत निघाला. भिजून गाठोडं जड व्हायच्या आत त्यानं त्यांना काठाला आणलं. बाकीची गाठोडी सुटली होती. पाण्यावर सगळीकडं कापूस पसरला होता, पांढरा, दिवसभर तो तसाच तरंगत होता. तुझा बाप काठावर पडून ओकत होता आणि मी तुझ्या काकाजींचे पाय चोळत होते. त्याच्याकडं पाण्याचा तांब्या घेऊन कोणी गेलं नाही. मीही नाही.

वळसा घालून आम्ही गावात पोचलो, आणि संध्याकाळच्या आधीच गावातल्या कडुनिंबाखाली लोक जमले. नाव गावाची, चार वर्षांची सोय बुडाली. लोकांनी विचारलं, झालं कसं? तुझा बाप खाली बघत उभा होता. तुझे काकाजी म्हणाले, "त्याच्या तोंडाले वास येऊन राह्यला होता."

एवढंच. एक वाक्य. मग लोकांचं सुरू झालं, आम्हाले बी वाटत होतं, परवा बी पाय लटपटत होते, मासे धरणारी माणसं अशीच. ज्या माणसाला कोणी कधी पिलेलं पाहिलं नव्हतं, त्याला घटकाभरात सगळ्यांनी पिलेलं पाहिलं.

मी बायांमध्ये मागं उभी होते. त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता सांगतो. नाही सांगितलं. म्हणाला, "वल्हं माह्या हातात होतं." आणि गेला.

घरी मी तुझ्या काकाजींना म्हणाले, "असं काऊन बोलले तुमी?"

ते म्हणाले, "मंग काय सांगू? माह्या बायकोनं नाव बुडवली म्हणून सांगू? जलमभर तुले गावात तोंड काढू देतील का?"

माझ्यासाठी बोलले ते. आणि मी त्या दिवशी त्यांनी वाढून दिलेलं जेवले. मला हे लिहायला फार जड जातंय, पण जेवले.

चार दिवसांनी तुम्ही गेलात. मला कोणी सांगितलं नाही. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर डबा होता, घासून लख्ख केलेला, पालथा. मी उचलून पाहिला. रिकामा. तुझ्या मायनं त्या डब्यात काही घातलं नाही, असा तो पहिलाच दिवस.

काही वर्षांनी बाजारात मोताळ्याकडचा एक माणूस भेटला, त्याच्याकडून कळलं की तुझा बाप गेला. मी तेव्हा यायला हवं होतं. दोन गाड्यांचा रस्ता. नाही आले. तू माझ्या दारात आली नाहीस म्हणून मी तुला रागावते, आणि मी तर तुझ्या बापाच्या मातीलाही आले नाही. तेव्हा माझा राग किती खरा धरायचा ते तू ठरव.

आता गेल्या आठवड्याचं. सगळं गाव नाव बघायला उतरलं. चिखलातून पाय ओढत मीही गेले, काठी टेकत तुझे काकाजीही आले. नाव अजून तशीच आहे पोरी. तोंड चिखलात रुतलेलं, मागचं टोक वर. गोडं पाणी, त्यात लाकूड काळं पडलं, पण कुजलं नाही, धावांचं लोखंड मात्र बोट लावलं की गळतं. दोघा-तिघांनी कुऱ्हाडी आणल्या होत्या. एकाला शेळ्यांच्या गोठ्याला फळ्या हव्या होत्या. नव्या वयाचा एक जण म्हणाला, "हीच का ती दारुड्याची नाव?" त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्यानं तसंच ऐकलं होतं.

मी पुढं सरकले. नाकाकडचा चिखल वाळून उकलला होता. त्यात पांढरं दिसत होतं. मी काठीनं चिखल खरवडला. खताची पिशवी. तिच्या तोंडाला हिरवी नायलॉनची पट्टी, माझी गाठ. शेजारी दुसरी, तिच्याखाली तिसरी. लाकूड काळं झालं, तुरीची माती झाली, पण प्लॅस्टिकला काय होतं? आठ मोजली. आठही पुढं. मधात काही नाही. मागं तुझा बाप उभा राहायचा ती फळी, ओकीबोकी.

मी म्हणाले, "ही नाव म्या भरली होती."

कोणी ऐकलं नाही. मी काठी नावेवर आपटली. "आयका! ही नाव म्या भरली होती. तो मांगं भरा म्हणत होता, म्या आयकलं नाही. हा पाहा माह्या लुगड्याचा काठ. सगळा भार पुढं हाय. नाव माह्या भराईनं बुडाली, त्याच्यानं नाही."

कुऱ्हाडीवाले मागं वळले. मग वेचणीच्या बायांतली ती एक, जिनं वल्हं माझ्या हातात द्यायची मस्करी केली होती, ती आता माझ्याएवढीच म्हातारी आहे, ती पुढं आली आणि म्हणाली, "हाव. म्याबी तवा हासली होती." आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

कोणी तरी म्हणालं, "पण मावशे, तोंडाले वास..."

तुझे काकाजी नावेच्या कडेवर टेकून बसले होते. त्यांचं हल्ली बोलणंच कमी झालं आहे. त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही. म्हणाले, "वास नव्हता. म्याच म्हटलं होतं. त्यानं मले दातानं वढून आणलं, अन् म्या तसं म्हटलं."

बस. एवढं बोलून ते उठले आणि घराकडं चालू लागले. चिखलात एक चप्पल राहिली, ती मी उचलून आणली. घरी आल्यावर मी पाणी दिलं, ते प्यायले, आणि म्हणाले, "त्याच्या पोरीले कळव."

लोकांचं म्हणशील तर लोक घरोघर गेले. कोणी मला काही बोललं नाही. बरंही नाही, वाईटही नाही. ज्यांनी तो आळ घातला त्यातले अर्धे आता नाहीत, आणि तरण्यांना तो फक्त एक किस्सा होता. तेव्हा मला वाटलं, गावासमोर बोलले, पण ज्यांच्यासमोर बोलायला हवं ती माणसं तर मोताळ्याला आहेत. माझं अर्धंच झालं आहे.

नाव मी तोडू दिली नाही. म्हणाले, त्याची लेक येऊन बघेपर्यंत एक फळी हलणार नाही. गोठ्यावाला कुरकुरला, "पाणी चढलं त गेलीच समजा, मावशे, न तिले न मले." चढू दे म्हणाले. पण पोती जिथं आहेत तिथंच ठेवली आहेत, गाठी तशाच, तुला तुझ्या डोळ्यांनी दिसाव्यात म्हणून. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस, बोलणाऱ्यांनीच तुझ्या बापाचं वाटोळं केलं. तू गाठी बघ, भार कुठं आहे ते बघ, आणि मग घरी जाऊन तुझ्या लेकराला आजोबाचं काय ते सांग.

आईला विचार, येते का. नाही म्हणाली तर जबरदस्ती करू नकोस, तिचा हक्क आहे. आली आणि माझ्याशी बोलली नाही, तरी चालेल. ओट्यावर बसली तरी पुष्कळ. तो डबा माझ्याकडंच आहे, मांडणीवर, वरच्या फळीवर, पालथाच. मी त्यात आजवर काही ठेवलं नाही. भरून कोणाच्या हाती पाठवणार नाही, समोर आलात की माझ्या हातानं भरून देईन.

मोताळ्याहून बुलडाणा, तिथून देऊळगाव राजाची गाडी, आणि ऑटोवाल्याला म्हण, धरणावरचं नवं गाव, कडुनिंबाजवळ उतरव. चिखल अजून वाळलेला आहे, लेकरू कडेवर घेऊनही नावेपर्यंत चालता येतं. ढग यायला लागले आहेत. या आठवड्यात जमलं तर या आठवड्यात ये, नाही तर पुढच्या. पाणी चढायच्या आत ये, बाई.